उजवा कौल

देवावर रागवायचं नसतं, असं मला लहानपणापासून सांगत आले आहेत. का नसतं? नवऱ्यावर रागावता येतं, आईवर येतं, कचेरीतल्या साहेबावर मनातल्या मनात का होईना, येतंच येतं. मग जिच्यापुढे रोज सकाळी हात जोडले, जिला घरातलं सगळं बरंवाईट सांगितलं, तिच्यावर रागवायचं नाही म्हणजे काय? मी रागावले आहे. चांगली कडकडून रागावले आहे, आणि हे कुणाला पटो न पटो, मला त्याची पर्वा राहिलेली नाही.

ती म्हणजे माझ्या सासरच्या गावची देवी. गाव रत्नागिरीपासून एसटीनं तासाभरावर, आत. मी राहते शहरात, मांडवीला, नोकरीही इथलीच. पण लग्न होऊन आले तेव्हा सासूनं सगळ्यात आधी मला देवळात नेलं आणि म्हणाली, "हिला सांगायचं सगळं. माझ्याशी बोललीस नाय तरी चालंल, हिच्याशी बोलायचं." मी तिचं ऐकलं. मांडवीच्या घरात देवीचा फोटो मी देव्हाऱ्यात ठेवलाच नाही, ओट्याच्या वर लावला, म्हणजे भाकऱ्या थापता थापता बोलता यावं. बांगडे महाग झाले इथपासून ते मुलीला बारावीला मार्क कमी पडले इथपर्यंत सगळं तिच्या कानावर घातलेलं आहे. मागणं फारसं नसायचं. बोलणंच जास्त.

माझे यजमान बोटीवर होते. मोठ्या मालवाहू जहाजावर, इंजिनात. वर्षातले बरेच महिने पाण्यावर, उरलेले घरी. पन्नाशी जवळ आली तसे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि "आता बास" असं तेच म्हणायला लागले. मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा त्यांचा एक दोस्त आहे. तो कधीपासून मागे लागला होता, ये माझ्याकडे, दोघं मिळून करू. ह्यांचं मन तिकडे ओढत होतं. मला तर तेच हवं होतं, संध्याकाळी माणूस घरी जेवायला असावा एवढंच. पण तेवढ्यात कंपनीचं बोलावणं आलं. शेवटची एक खेप करून ये. मग काय, सकाळी जायचं ठरे, दुपारी राहायचं ठरे. पेपर वाचता वाचता हे एकदम म्हणाले, "हे असं नाही सुटायचं. देवीला विचारू."

कोकणाबाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं झालं की देवीला कौल लावतात. गुरव मूर्ती पाण्यानं ओली करतो आणि तिच्या अंगावर उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. मग जे विचारायचं ते गाऱ्हाण्यात मोठ्यानं सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न असो, विहीर असो, भावाभावांतला बांधावरचा तंटा असो, सगळं असं ठरतं. मी पदवीधर बाई, पण त्या पाकळ्यांकडे बघताना माझाही श्वास अडकायचा. खोटं कशाला सांगू?

आम्ही सगळे गेलो. मी, हे, सासूबाई, धाकटी जाऊ. गाऱ्हाणं घालायला माझे चुलत दीर होते. ते गावचे मानकरी, देवीशी बोलण्याचा मान त्यांच्या घराकडे. माणूस चांगला. आवाज असा खणखणीत, की देवी झोपलेली असली तरी उठावी. त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, "हे आई, तुजा लेकरू बोटीवर जायाचा म्हनतोय. तू जा म्हन्लंस तर जाईल, रा म्हन्लंस तर राहील. काय तो उजवाडावा करून दे गो माये!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

पाकळी पडली. उजवी. आमचं "व्हय म्हाराजा" पुरतं म्हणून होतंय न होतंय तोच. कधी कधी तास तास वाट बघायला लावते ही बाई, पण त्या दिवशी कसली घाई झाली होती तिला, देव जाणे. सासूबाईंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. हे माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चला, सुटलो." मला वाईट वाटलं होतं, पण देवीनं सांगितल्यावर बोलायचं काय? मी घरी येऊन बॅग भरायला घेतली.

ते परत आले नाहीत. कुठल्याशा परक्या बंदरात, इंजिनरूममध्ये अपघात झाला. नेमकं काय झालं ते मला आजतागायत नीट कुणी सांगितलेलं नाही. पेटी आली. बास.

त्यानंतर लोक समाचाराला आले. समाचाराला येणाऱ्या माणसांच्या तोंडाला कुलूप घालायची काही सोय असायला हवी. एक बाई म्हणाल्या, देवाला चांगल्या माणसांची गरज असते, म्हणून बोलावून घेतो. मी ऐकून घेतलं, पण आतून अंगाचा नुसता तिळपापड झाला. गरज? ह्यांची? तिथे काय कुठलं इंजिन बंद पडलं होतं, की दुरुस्तीला आमचाच माणूस लागला? दुसऱ्या म्हणाल्या, भोग असतात, भोगून संपवायचे. त्यांचं बरं होतं, त्यांचे यजमान बाहेर गाडीत एसी लावून बसले होते.

पण खरा कहर केला तो मानकरी दिरांनी. दहावा-बारावा उरकल्यावर ते आमच्या गावच्या घराच्या पडवीत बसले होते. मी न राहवून विचारलं, "भाऊजी, कौल उजवा होता ना हो? तुमच्या डोळ्यांदेखत?" ते अगदी मायेनं, समजावणीच्या सुरात म्हणाले, "वयनी, देवीचा काय चुकला नाय. आपला प्रश्न अर्धा पडला. आपण इचारलं, जाऊ का. ती म्हन्ली, जा. परत येईल का, ता आपण कुठं इचारलं?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अर्धा प्रश्न! म्हणजे ही आमची आई, आणि आम्ही तिच्यापुढे कागदपत्र पुरे करून जायचं? एक रकाना राहिला तर माणूस गेला? मी मुलीला विचारलं, भात लावू का, आणि गॅस संपलेला तिला ठाऊक असला, तर ती नुसतं "लाव" म्हणून गप्प बसेल? सांगेल ना, की अगं आई, गॅस नाही. एवढं तर पोरीला कळतं. शेजारणीला कळतं. एसटीच्या कंडक्टरला कळतं, चुकीच्या गाडीत चढलं तर तो ओरडून उतरवतो. आणि जिला भूत-भविष्य सगळं दिसतं असं तुम्ही पिढ्यान् पिढ्या सांगता, ती विचारलं नाही म्हणून बोलली नाही? असल्या आईला काय करायचंय?

मी उठून आत गेले. सासूबाईंनी ते ऐकलं होतं. त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, वळल्या नाहीत.

तेव्हापासून मी देवीशी अबोला धरला. फोटो काढला नाही. काढला असता तर ती सुटली असती, आणि मला तिला सोडायचं नव्हतं. दिवा लावायची, कारण घरात आलेल्या पाहुण्यालाही आपण पाणी देतो, त्याच्याशी पटत नसलं तरी. पण बोलायचं बंद. भाकरी थापताना नजर तव्यावर. कधी सवयीनं तोंड उघडायचं, "अगं, आज काय झालं माहितेय का", आणि मी जीभ चावून गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचा मला किती त्रास झाला, ते सांगून समजायचं नाही. नवरा गेला तो गेला, आणि ज्या एका ठिकाणी जाऊन ते सांगायचं, तेही गेलं. दोन्ही एकदमच.

कचेरीत माझ्या समोरच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. वाचलेले, विचार करणारे. देवधर्म मानत नाहीत. त्यांना माझी ही कथा कळली तेव्हा ते कळवळून म्हणाले, "मॅडम, मुळात तिथे कुणी नाहीच. ओली पाकळी सुकली की पडते. सोडून द्या हो सगळं." त्यांचाही मला राग आला. भयंकर आला. माझं इथे भांडण चाललंय, जन्माचं भांडण, आणि हा माणूस मला सांगतोय की समोर कुणी नाही! नाही कसं? मग मी कुणावर चिडले आहे? पाकळीवर? अहो, तिच्यावर माझा विश्वास आहे म्हणून तर एवढी आग होते. मी त्यांना म्हटलं, "तुमचं बरोबर असेल. पण मला ते परवडत नाही." ते बिचारे चहा सांगायला उठून गेले.

पहिल्या वर्षी शिमग्याला मी गावी गेलेच नाही. मागच्या फाल्गुनात गेले. सासूबाईंचा फोन आला, "ये गो, घर खायाला उठतंय." मग रजा टाकली.

शिमग्यात देवी देवळात थांबत नाही. मूर्ती तिथेच असते, पण तिची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसवतात, माणसं ती खांद्यावर नाचवत गावभर हिंडवतात आणि ती घरोघर जाते. वर्षभर आपण तिच्याकडे जायचं, शिमग्यात ती आपल्याकडे येते. अंगणात पाट मांडायचा, पालखी त्यावर ठेवायची, आणि घरच्या बायकांनी देवीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. घरच्या बायकांनी म्हणजे सवाष्णींनी, हे वेगळं सांगायला लागत नाही.

सासूबाईंना वैधव्य आलं तेव्हा त्या माझ्या मुलीहून फार मोठ्या नसतील. माझे यजमान रांगत होते, धाकटे दीर पोटात. तेव्हापासून आमच्या घरची ओटी तयार करतात त्या. नारळ वाजवून बघून निवडायचा त्यांनी, तांदूळ निवडायचे त्यांनी, खणाची घडी त्यांची, सुपात मांडणी त्यांची. आणि बाहेर ढोल ऐकू आला, की ते सूप सुनेच्या हातात द्यायचं आणि माजघराच्या दाराआड उभं राहायचं. फटीतून जेवढी देवी दिसेल तेवढी. मी लग्न होऊन आल्यापासून हे असंच बघत आले.

या खेपेला मी पोहोचले तर दोन सुपं भरून ठेवलेली होती, नेहमीसारखी, एक माझ्या नावाचं, एक जावेच्या. सवयीनं मांडून गेल्या असाव्यात. माझ्याकडे बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझ्या सुपावर पदर टाकला. मला ते सहन झालं नाही. मी तो पदर बाजूला केला आणि म्हटलं, "आई, राहू दे. मी भरणार आहे ओटी."

जाऊ पुरण वाटत होती. तिचा हात थांबला. भली आहे ती. म्हणाली, "ताई, मी भरते ना तुमच्या नावानं. एक नारळ जास्त ठेवते." मी म्हटलं, "माझ्या नावानं तू जेवशील का? मग?" ती हिरमुसली. तिच्यावर कशाला ओरडले मी? पण त्या दिवसांत माझा राग कुणावर सांडेल त्याचा नेम नव्हता.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हट्ट करू नको गो."

बातमी दिरांच्या कानावर गेली. ते लगेच आले. मला वाटलं, आता भांडण. पण नाही. माणूस शांत. म्हणाले, "वयनी, मना काय अडचण नाय. जमाना बदललाय, आमालाबी समजतंय. असं करू, सकाळी देवळात जाऊन कौल लावू. देवीन उजवा दिलान, की भर तू ओटी. कोन एक शब्द बोलनार नाय, मी हाय ना."

मी हसले. अक्षरशः हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "परत कौल? भाऊजी, परत?"

"अगो, परवानगी नको तिची?"

"नको!" माझा आवाज वाडीभर गेला असणार. "मला उजवा नको, डावा नको. उजवा दिलान तर मी तिचे उपकार मानू? पूर्ण प्रश्न कसा विचारायचा तो आधी लिहून देता का? ह्यांना नेताना तिनं मला विचारलं? लावला होता कौल माझ्या अंगावर? मग मीही तिला विचारणार नाही. येते ना माझ्या दारात? येऊ दे. मी भरणार. तिला नको असेल तर तिनं तोंडानं सांगावं, तू नको आहेस म्हणून. एकदा तरी सरळ बोलू दे तिला!"

दीर कानावर हात ठेवून उठले. पायरी उतरताना म्हणाले, "देवीचा कोप वाईट असतो, वयनी." मी म्हटलं, "अजून काय राहिलंय न्यायचं?"

माझं नेमकं काय पणाला लागलं होतं, ते मला त्या सकाळी पाट मांडताना कळलं. हट्ट खणा-नारळाचा नव्हता. देवीनं मला टाकलंय की नाही, हे मला तिच्या तोंडावर विचारायचं होतं. सासूबाईंसारखं फटीतून बघत म्हातारं व्हायचं असेल, तर तिच्याशी नातं तोडलेलं बरं, फोटो उतरवून ठेवलेला बरा. आणि समोर उभी राहू शकले, तर भांडत का होईना, नातं राहील. दोहोंतलं एक त्याच दिवशी ठरायचं होतं.

ढोल जवळ आला. पालखी अंगणात शिरली, नाचली, फिरली, पाटावर बसली. जावेनं तिची ओटी भरली, नमस्कार केला, बाजूला झाली आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. मी माझं सूप उचललं आणि पुढे गेले. कपाळ मोकळं, हात मोकळे. ढोलकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ढोल थांबला. कुणी अडवलं नाही. पालखीवाल्यांपैकी एक जण खोकला, तेवढंच.

मी तांदूळ घातले. नारळ ठेवला, खण ठेवला. चांदीचा तो मुखवटा अगदी हातभर अंतरावर होता. दोन वर्षांचा अबोला होता आमचा. मग मीच गाऱ्हाणं घातलं, मोठ्यानं, दीर घालतात तसं.

"हे आई! तुझं बरोबर होतं असं मी कधी म्हणणार नाही. तुला माहीत होतं, आणि तू गप्प बसलीस. मी तुला माफ केलेलं नाही. पण तुझ्याशिवाय मला भांडायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुझी ओटी भरते आहे. मी जिवंत आहे तोवर दरवर्षी भरीन आणि दरवर्षी हेच विचारीन. ऐकून घ्यायचं असेल तर ये, नसेल तर माझ्या दारात येऊ नको!"

इथे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कुणी म्हणालं नाही. पालखीला काही झालं नाही. ती हलली नाही, जड झाली नाही, नारळ घरंगळला नाही. दिरांनी मान खाली घातली होती. थोड्या वेळानं त्यांनी हळूच खूण केली, पालखी उचलली, ढोल सुरू झाला.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. थोडं वाटलंही. मी सूप घेऊन वळले तर सासूबाई माजघराच्या दाराआड नव्हत्या. पडवी ओलांडून त्या पायरीवर आल्या होत्या, सगळ्यांच्या देखत, शिमग्याच्या दिवशी, पालखी अंगणात असताना. चेहरा लाल झालेला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. वाटलं, आता मला बोलणार. मी बोलून घ्यायला तयार होते.

"काय झाला नाय," त्या म्हणाल्या. "काय सुदिक झाला नाय. मग मी एवडी वर्सं आत उबी रायले, ती कशाला गो?"

मी म्हटलं, "आई..."

त्यांनी मला हातानं बाजूला सारलं. त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच. त्या उघड्या अंगणात उतरल्या, आणि पाठ फिरवून चाललेल्या पालखीकडे बघत, ढोलाच्या आवाजाच्या वर ओरडल्या, "सांग की गो!"